मीटरची लाईट निळी करायची म्हणता?

दिवाळी होऊन ऊसतोड सुरू झाली की सोलापुरातल्या माझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात एक मागणी हमखास येते. गेल्या हंगामात असाच एक पोरगा आला. जुनी गाडी नुकतीच घेतलेली, सीट कव्हर नवं, डॅशबोर्डवर सिद्धरामेश्वरांची छोटी मूर्ती आणि मोबाईलवर कुठल्या तरी गाडीचा फोटो. मीटरमधून, म्हणजे स्टेअरिंगमागच्या वेगाच्या-इंधनाच्या तबकडीतून, असा निळा उजेड पडलेला की स्टेअरिंगवरचे हातसुद्धा निळे दिसत होते. "मामा, आपलं मीटर असं करून द्या की ओ. किती होतील?"

पैसे फार होत नाहीत. मीटर काढायचं, मागचे चार-पाच बल्ब बदलायचे, परत बसवायचं. तास-दीड तासाचं काम. पण मी विचारलं, "रात्री कुठं जाणं असतं?" तो म्हणाला, "आठवड्यातनं दोनदा पुण्याला. दुकान बंद करून दहाला निघतो." मग मी पान्याला हात लावला नाही. चहा सांगितला आणि त्याला बसवून घेतलं.

वायरिंगच्या कामात मला वीस वर्षं होऊन गेली. डोळ्यांचं शास्त्र मी माझ्याकडं गाडी आणणाऱ्या एका नेत्रतज्ज्ञांना विचारून विचारून शिकलो, कारण रोज लोकांच्या डोळ्यांसमोर दिवे बसवायचे आणि डोळा कसा चालतो हे ठाऊक नसावं, हे मला पटेना. त्या दिवशी पोराला सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय.

आधी रस्त्याकडं बघू. सोलापूर-पुणे हा ६५ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण. मध्ये दुभाजक आहे, त्यामुळं समोरच्या गाड्यांचा झोत जरा कमी लागतो. पण ऊस सुरू झाला की डाव्या लेनमध्ये दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. ऊस मागं लोंबतोय, त्यात टेललॅम्प झाकलेला, रिफ्लेक्टर असला तर मातीनं माखलेला. एखाद्याचं टायर फुटलं की तो तिथंच कडेला उभा, मागं दगड लावून. बार्शी रस्त्यावर, अक्कलकोट रस्त्यावर, मंगळवेढ्याकडं रात्री बैलगाडी भेटते, म्हैस भेटते, बिनलाईटची सायकल भेटते. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या रस्त्यानं दिंड्या. कोजागरीला तर सोलापुरातून तुळजापूरला माणसं रात्रभर चालत असतात.

ताशी ८० किलोमीटरनं गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. डिपरचा, म्हणजे हेडलाईटच्या खाली पाडलेल्या झोताचा, उजेड रस्त्यावर कामाचा पडतो तो साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंत. म्हणजे समोर काही आहे हे कळायला आणि पाय ब्रेकवर जायला आपल्याजवळ फार थोडा वेळ असतो. आणि ज्या गोष्टीनं घात होतो ती झोताच्या मधोमध क्वचित असते. ती असते झोताच्या कडेला, जिथं उजेड संपून अंधार सुरू होतो. हे ‘कडेला’ लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

डोळ्यातले दोन कामगार

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या दोन जातीच्या पेशी असतात. शंकूपेशी साठेक लाख आणि दंडपेशी नऊ ते बारा कोटी. शंकूपेशी दिवसपाळीच्या. त्यांना भरपूर उजेड लागतो, पण रंग त्यांनाच कळतात, बारीक अक्षर त्याच वाचतात, आणि पडद्याच्या बरोबर मध्यभागी त्यांचीच दाटी असते. दंडपेशी रातपाळीच्या. अगदी मिणमिणत्या उजेडातही त्या काम करतात, पण त्यांना रंग ओळखता येत नाहीत आणि बारकावेही दिसत नाहीत. काहीतरी आहे, काहीतरी हललं, एवढं त्या सांगतात. मध्यभागी त्या नसतातच. त्या असतात सगळ्या भोवतीनं.

पडताळून बघायचं असेल तर एखाद्या अंधाऱ्या रात्री हिप्परग्याच्या तलावाकडं जा आणि अगदी फिकट अशी एक चांदणी निवडा. तिच्याकडं थेट रोखून बघितलं तर ती नाहीशी होते. नजर जरा बाजूला केली की परत दिसते. थेट बघताना तिचा उजेड मधल्या शंकूपेशींवर पडतो, त्यांना तो पुरत नाही. तिरकं बघितलं की तोच उजेड दंडपेशींवर पडतो.

रस्त्यावर नेमकं हेच चालू असतं. झोताच्या मध्यातला पांढरा पट्टा, समोरच्या गाडीची नंबर प्लेट हे शंकूपेशी बघतात. कडेची म्हैस सगळ्यात आधी दिसते ती दंडपेशींना. खरं तर गाडी चालवताना डोळा पूर्ण अंधारातही नसतो आणि पूर्ण उजेडातही नसतो. दोन्ही पाळ्यांचे कामगार एकाच वेळी कामावर असतात.

दंडपेशींची एक अडचण आहे. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते अ जीवनसत्त्वापासून बनतं, म्हणून ते जीवनसत्त्व फार कमी पडलं तर माणसाला रातांधळेपण येतं. या द्रव्यावर उजेड पडला की ते विघटित होतं, आणि परत तयार व्हायला वेळ घेतं. लख्ख उजेडातून अंधारात आल्यावर शंकूपेशी पाच-दहा मिनिटांत सावरतात, दंडपेशींना पुरतं सावरायला वीस-तीस मिनिटं लागतात. ढाब्याच्या ट्यूबलाईटखाली जेवून तुम्ही गाडी सुरू करता ना, तेव्हा पहिली पंधरा-वीस मिनिटं तुमचे रातपाळीचे कामगार अर्धे झोपेत असतात. ते जागे व्हायला लागले आणि डोळ्यापासून हातभर अंतरावर लख्ख मीटर असेल, तर ते त्यांना परत झोपवतं.

चादरीवरचा लाल रंग

आता रंगाकडं येऊ. त्यासाठी सोलापूरकरांना वेगळं काही करायला नको, गच्चीवर वाळत घातलेली चादर पुरे. लाल, निळा, हिरवा, असे गडद रंग एकत्र असलेली जेकार्डची चादर घ्या. दुपारी चारला तिच्यातला लाल सगळ्यात उठून दिसतो. तीच चादर संध्याकाळी सातनंतर, दिवा न लावता बघा. लाल काळपट पडलेला असतो, आणि निळा-हिरवा मात्र त्यामानानं उजळ दिसतो. चादर तीच, डोळे बदललेले.

याला पुरकिन्ये परिणाम म्हणतात. बोहेमियातले, म्हणजे आजच्या चेक देशातले शास्त्रज्ञ यान पुरकिन्ये यांनी १८१९ च्या सुमारास फुलं बघताना हे टिपलं. कारण असं की उजेडाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात, आणि दिवसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे पोपटी-पिवळ्या रंगाला सगळ्यात तिखट असतो. रात्रीचा डोळा ५०७ ला, म्हणजे निळसर हिरव्याला. लाल रंग ६२० च्या पुढं असतो, आणि ६५० च्या आसपासचा गडद लाल दंडपेशींना जवळजवळ दिसतच नाही.

दिसत नाही म्हणजे त्रासही देत नाही. गडद लाल उजेडात शंकूपेशी आकडे वाचतात आणि दंडपेशींचं रंगद्रव्य शाबूत राहतं. लाल मीटरची सगळी कीर्ती यातून आली. दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीतले खलाशी रात्री वर पहाऱ्याला जायच्या आधी लाल उजेडात थांबायचे, विमानांच्या कॉकपिटमध्ये लाल दिवे असायचे. मोटारींत ही कल्पना पुढं आली आणि टिकली. ऑडीच्या बऱ्याच गाड्यांत लाल मीटर असायचं, बीएमडब्ल्यूनं त्याच्या जवळचा पिवळट-नारिंगी वर्षानुवर्षं धरून ठेवला.

माझ्याकडं येणारे काही जाणकार म्हणूनच सांगतात, "मामा, लाल करा, लाल शास्त्रोक्त आहे." अर्धं खरं आहे. पाणबुडीतल्या खलाशाला वर गेल्यावर काळाकुट्ट समुद्र बघायचा होता, त्याच्यापुढं हेडलाईट नव्हता. आपल्यापुढं स्वतःचा हेडलाईट आहे, समोरून येणाऱ्यांचे आहेत, टोलनाक्याचे मोठे दिवे आहेत. डोळा इतका अंधाराला सरावतच नाही की लाल रंगाचा पूर्ण फायदा मिळावा. शिवाय वैमानिकांनाही लालची अडचण झालीच. लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेघा गायब होतात. पुढं कॉकपिटमध्ये मंद पांढरा उजेड आला.

त्यात ‘मंद’ हा शब्द मोलाचा. मी गिऱ्हाइकाला आधी हेच सांगतो की रंग हा दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न किती उजेड हा. मंद निळं मीटर हे भगभगीत लाल मीटरपेक्षा डोळ्याला बरं. उजेड पुरेसा खाली आणला की रंगारंगांतला फरक खूप कमी होतो. तो उरतच नाही असं मात्र नाही, म्हणून पुढचं सांगतो.

निळ्याचं काय बिघडतं

निळा एलईडी फार जुना नाही. लाल, हिरवा, पिवळा आधीपासून होते. झगझगीत निळा १९९३ मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरांनी करून दाखवला, आणि त्या कामासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज घराघरात वीज वाचवणारे पांढरे दिवे आहेत ते त्या निळ्यामुळंच, कारण पांढरा एलईडी म्हणजे आत निळा आणि वर पिवळ्या द्रव्याचा लेप. इतका मोठा शोध. तो नवा होता तेव्हा निळा म्हणजे आधुनिक, असं समीकरण होऊन बसलं. फोक्सवॅगननं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोल्फ आणि पसाटमध्ये निळा उजेड आणि लाल काटे दिले होते. दिसायला देखणे होते. पुढच्या गाड्यांत त्यांनी पांढरा घेतला.

निळ्याची पहिली अडचण वर आलीच. रात्रीचा डोळा निळसर रंगांना जास्त तिखट, म्हणून तेवढ्याच ताकदीचा निळा दिवा दंडपेशींना जास्त दिपवतो. दुसरी अडचण फोकसची. डोळ्याचं भिंग सगळे रंग एकाच ठिकाणी जुळवू शकत नाही. निळा पडद्याच्या थोडा अलीकडं जुळतो, लाल थोडा पलीकडं. त्यात पडद्याच्या अगदी मध्यभागी निळा ओळखणाऱ्या शंकूपेशी नसतातच. रात्री लांबून निळ्या एलईडीच्या पाट्या बघा, अक्षरं फुटल्यासारखी, कडा पसरल्यासारखी दिसतात. त्याच दुकानाशेजारची नारिंगी पाटी रेखीव दिसते. पाटीचं ठीक आहे, थांबून वाचता येते. मीटरवरचा आकडा एका नजरेत कळला पाहिजे. अर्ध्या सेकंदाऐवजी दोन सेकंद लागले तर ताशी ८० नं गाडी ४४ मीटर पुढं गेलेली असते.

तिसरी अडचण कोणी सांगत नाही, आणि मला ती सगळ्यात जास्त खुपते. अप्पर, म्हणजे हेडलाईटचा लांब पडणारा झोत, लागलेला आहे हे दाखवणारी मीटरमधली खूण निळी असते. जगभर निळी. धोक्याच्या खुणा लाल, सांभाळा सांगणाऱ्या पिवळट, इंडिकेटर हिरवे आणि अप्पर निळा. सगळं मीटर निळं करून टाकलं की ती छोटी निळी खूण त्यात बुडून जाते. अप्पर राहून जातो, आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला काही सेकंद काहीच दिसत नाही. मीटर आपलं, पण डोळे दुसऱ्याचे जातात. हेच लालबाबतही आहे. सगळं मीटर लाल असेल तर ऑईल प्रेशरचा लाल दिवा लागला तरी पटकन नजरेत भरत नाही. ज्या रंगाला मीटरमध्ये आधीच काम दिलेलं आहे, तो रंग सजावटीला वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रकवाले मित्र म्हणतात, निळ्या उजेडानं झोप उडते. यातही तथ्य आहे. डोळ्यात आणखी एका जातीच्या पेशी असतात, त्या निळा उजेड दिसला की मेंदूला दिवस असल्याचं कळवतात आणि झोप आणणारं मेलाटोनिन कमी होतं. म्हणून झोपताना मोबाईल बघू नका म्हणतात. पण त्यासाठी डोळ्यात बराच उजेड जावा लागतो, आणि तेवढा उजेड मीटरमधून आला तर बाहेरचं दिसणं बिघडतं. डोळे मिटायला लागले तर गाडी पंपावर किंवा ढाब्यावर नीट लावून अर्धा तास झोपा. मी हे कळवळून सांगतोय. दिव्याच्या भरवशावर झोप रोखू नका.

चाळिशीनंतरचं मीटर

एक जुने गिऱ्हाईक आहेत, आयुष्यभर एसटी चालवून निवृत्त झालेले. मुलानं त्यांना गाडी दिली, मीटर लाल. ते म्हणाले, "अरे, हे मला वाचताच येत नाही. चष्मा लावून पण नाही." मुलाला वाटलं वडिलांची नजर गेली. नजर गेली नव्हती.

वर म्हटलं तसं लाल रंग पडद्याच्या पलीकडं जुळतो. तो नीट दिसायला डोळ्याला जवळ बघताना करतो तसा जास्तीचा जोर लावावा लागतो. तरुण भिंग मऊ असतं, ते हा जोर सहज लावतं. चाळिशी ओलांडली की भिंग ताठर होतं आणि सत्तर-ऐंशी सेंटीमीटरवरचं मीटर मुळातच अडचणीच्या अंतरावर येतं. लांबचा चष्मा असतो तो रस्त्यासाठी, जवळचा असतो तो पेपर वाचायला, आणि मीटर बरोबर दोन्हींच्या मधे. त्यात लाल. आकडे धूसर व्हायचेच.

वयानं आणखी दोन गोष्टी होतात. तरुणपणी अंधारात बाहुली सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीला ती पाचच्या आसपास अडते. सातची पाच झाली तरी आत जाणारा उजेड जवळपास निम्मा होतो. आणि भिंग पिवळसर, थोडं गढूळ होत जातं. पिवळं भिंग निळा अडवतं, गढूळ भिंग उजेड आतल्या आत विखरून टाकतं, जशी धुळीची काच झोत विखरते. म्हणून वयस्कर माणसाला समोरून झोत आला की जास्त त्रास होतो आणि सावरायलाही जास्त वेळ लागतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर हे सगळं दुपटीनं. साठीपुढच्या माणसाला रात्री झोताभोवती वलयं दिसत असतील तर त्यानं माझ्याकडं येण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जावं.

त्या काकांचं मीटर मी पिवळट-नारिंगी करून दिलं. हा रंग लाल आणि हिरव्याच्या मधला. दंडपेशींना निळ्यापेक्षा कितीतरी कमी त्रास देतो, आणि दिवसाच्या डोळ्याच्या आवडीच्या रंगाजवळ असल्यामुळं थोड्या उजेडातही वाचता येतो. लालसारखा फोकसही ताणत नाही. इंधन कमी किंवा इंजिन तपासा सांगणाऱ्या पिवळट खुणांशी त्याचा रंग जुळतो ही त्याची उणीव खरी, पण पार्श्वभूमी मंद आणि खूण उजळ ठेवली तर त्या वेगळ्या कळतात. दुसरा चांगला पर्याय म्हणजे मऊ, पिवळसर पांढरा, जो जुन्या बल्बचाच रंग होता. दुधी-निळसर पांढरा घेऊ नका, त्याच्यात निळाच जास्त असतो. हिरवाही वाईट नाही. तो अगदी कमी उजेडात वाचता येतो, म्हणून बल्बच्या जमान्यात हिरवट मीटरं भरपूर होती. फक्त तो फार खाली उतरवावा लागतो, कारण रात्रीचा डोळा हिरव्यालाही तिखट असतो.

रंग ओळखण्यात अडचण असलेले बरेच पुरुष असतात, बायकांत हे प्रमाण खूप कमी. त्यांतल्या काहींना लाल मुळातच काळपट दिसतो. त्यांनी लाल मीटरच्या वाटेला जाऊच नये.

मीटरपेक्षा मोठा चोर

इतकं मीटरवर बोललो, पण आजच्या गाडीत मीटर हा सगळ्यात छोटा दिवा आहे. मधोमध नऊ-दहा इंचांचा टचस्क्रीन असतो, त्याच्यावर फोन अडकवलेला. बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड स्क्रीनमध्ये एक वायर असते, बहुतेक ठिकाणी नारिंगी. ती पार्किंग लाईटच्या वायरला जोडायची असते. लाईट लावली की स्क्रीनला कळतं, रात्र झाली, आणि तो आपोआप मंद होतो. घाईत बसवणारे ही वायर टेप लावून तशीच सोडून देतात. मी आजवर अशा कितीतरी वायरी शोधून जोडल्यात, पाच मिनिटांचं काम आहे. तुमचा स्क्रीन हेडलाईट लावल्यावर मंद होत नसेल तर आधी हे बघून घ्या. नकाशा काळ्या पार्श्वभूमीवर ठेवा, आणि रस्ता सरळ असेल तर स्क्रीन बंदच करा. एलसीडीचा काळाही पुरता काळा नसतो, मागचा दिवा झिरपत राहतो.

स्वीडनच्या साब कंपनीनं हे फार आधी ओळखलं होतं. त्यांच्या गाड्यांत ‘नाईट पॅनेल’ नावाचं बटण असायचं. दाबलं की स्पीडोमीटर सोडून बाकी सगळे दिवे विझायचे, आणि एखादा बिघाड झाला तरच संबंधित दिवा परत लागायचा. मला ही कल्पना फार आवडते. रात्री चालकाला खरं तर वेगाचा आकडा आणि चार धोक्याच्या खुणा याहून काय हवं असतं?

मग काचेतलं प्रतिबिंब. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो म्हणून डॅशबोर्डवर टॉवेल पसरायची पद्धत आहे, आणि टॉवेल सोलापूरचाच, पांढराशुभ्र. रात्री तो तसाच राहिला की त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्त्यावर धुक्याचा पडदा आल्यासारखं होतं. चकचकीत डॅशबोर्ड पॉलिशचंही तेच. मूर्तीभोवती लुकलुकणारी एलईडीची माळ असेल तर रात्री गाडी सुरू करताना ती बंद करा. हात जोडून निघा, माळ सकाळी लावा. पुढच्या बाजूनं लाल उजेड बाहेर दिसता कामा नये, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १०८ सांगतो, त्यामुळं काचेजवळ लाल माळ असेल तर तो वेगळाच प्रश्न. आणि काच आतून पुसा. बाहेरून सगळे पुसतात. आत प्लॅस्टिकची वाफ आणि आपली बारीक धूळ मिळून एक तेलकट थर बसतो, तो समोरचा प्रत्येक झोत पसरवतो.

बदलायचंच असेल तर

आता कामाचं. जुन्या मीटरमध्ये मागं छोटे बिनपिनांचे वेज बल्ब असतात आणि त्यांच्यापुढं रंगीत फिल्म. रंग बल्बचा नसतो, फिल्मचा असतो. हिरव्या फिल्ममागं लाल एलईडी लावला तर मीटर जवळजवळ काळं होतं, कारण ती फिल्म लाल पुढं सोडतच नाही. म्हणून आधी फिल्म बघायची, मग दिवा ठरवायचा. एलईडी लागला नाही तर तो खराब आहे असं समजू नका, काढून उलटा फिरवून लावा, त्याला प्लस-मायनस असतं.

मोठा घोटाळा डिमरचा होतो. जुन्या गाडीतला फिरवायचा डिमर हा रिओस्टॅट असतो, म्हणजे कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स. बल्ब बराच करंट ओढतो, त्यामुळं रिओस्टॅटवर व्होल्टेज पडतं आणि बल्ब मंद होतो. एलईडी इतका थोडा करंट घेतो की रिओस्टॅटला काही करताच येत नाही. चाक फिरवा, उजेड तोच. म्हणजे रंग हौसेनं बदलला आणि जे खरं कामाचं, उजेड खाली आणायचं, तेच हातातून गेलं. माझ्याकडं दुसरीकडून काम करून आलेल्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त हेच दिसतं. एलईडी लावायचाच असेल तर त्याच्यासोबत चालणारा डिमर लावून घ्या, किंवा कमी ताकदीचाच एलईडी निवडा. नव्या गाड्यांचा डिमर दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतो, तिथं हा प्रश्न येत नाही. पण तिथले एलईडी मीटरच्या प्लेटवर डाग दिलेले असतात, ते काढायच्या भानगडीत पडू नका.

आणि बॅटरीच्या खुणेचा बल्ब कधीही एलईडी करू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच जातो. तो तुटपुंजा झाला तर चार्जिंग सुरू होत नाही, आणि गाडी भिगवणच्या आसपास अंधारात बंद पडते.

उजेड किती ठेवायचा, हे ठरवायला कुठलं मोजायचं यंत्र लागत नाही. रात्री एखाद्या अंधाऱ्या ढाब्याच्या आवारात गाडी लावा, हेडलाईट डिपरवर ठेवा, दहा मिनिटं बसा. मग डिमर पूर्ण खाली आणा, इतका की आकडे वाचता येऊ नयेत. आणि हळूहळू वर न्या. पहिल्यांदा आकडा एका नजरेत कळला की हात काढा. शहरात शिरल्यावर ते मंद वाटेल, सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या दिव्यांत तर काहीच दिसत नाही असं वाटेल. शहरासाठी वाढवा, गावाबाहेर पडताना परत खाली आणा.

त्या पोरानं चहा संपवला, थोडा हिरमुसला, आणि म्हणाला, "मग निळं नाहीच का मामा?" मी त्याला पिवळसर पांढरे दिवे दाखवले, डिमरसकट. त्यानं ते घेतले. स्क्रीनची नारिंगी वायर त्याच दिवशी जोडून दिली, तिचे पैसे घेतले नाहीत. जुने बल्ब एका पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवायला दिले. एलईडी दगा देतो तेव्हा रात्रीच देतो, आणि तेवढ्यापुरता जुना बल्ब टॉर्चच्या उजेडात ज्याचा त्याला बसवता येतो.